कोर्स संपला आणि जुलाब सुरू झाले : अँटिबायोटिकनंतर आतड्याला येणारी सूज

अबोली

गेला दीड महिना आईच्या आजारपणात गेला. आता ती बरी आहे, म्हणून हा धागा काढतेय. हे आधी वाचनात आलं असतं तर आमचे चार दिवस वाचले असते.

आई ७१ वर्षांची. दाढेला पू झाला होता, त्यासाठी सात दिवस क्लिंडामायसिनच्या गोळ्या घेतल्या. दाढ शांत झाली आणि आम्ही तो विषय विसरून गेलो. कोर्स संपून अकरा दिवस झाल्यावर जुलाब लागले. पहिल्या दिवशी पाच-सहा वेळा, दुसऱ्या दिवशी बारा वेळा. पाण्यासारखे, थोडी शेम, एक वेगळाच उग्र वास. ओटीपोटात कळा, अंगात १०१ ताप. ज्यांना प्रथम दाखवलं त्यांनी पोट बिघडलंय म्हणून जुलाब थांबवायची गोळी दिली. दिवसभर जुलाब थांबलेही. आम्हाला वाटलं, सुटलो. पण संध्याकाळी पोट फुगून टणक झालं, ताप वाढला, तिला उठून बसवेना.

रात्री दुसरीकडे नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "गेल्या दोन-तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं होतं का?" आई "नाही" म्हणाली. मीही "नाही" म्हणाले. दाढेची गोळी ही आमच्या डोक्यात दाढेची गोळी होती, अँटिबायोटिक नव्हती! डॉक्टरांनी मग प्रश्न फिरवून विचारला, "दातासाठी, लघवीसाठी, खोकल्यासाठी, कशासाठीही पाच-सात दिवसांचा गोळ्यांचा कोर्स?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

रक्तात पांढऱ्या पेशी २२,०००, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) १.८. शौचाच्या तपासणीत क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा जीवाणू आणि त्याचं विष, दोन्ही सापडलं. मोठ्या आतड्याला सूज होती. दहा दिवस व्हँकोमायसिन तोंडाने दिलं. चौथ्या दिवसापासून उतार पडला.

माझे प्रश्न : हे परत होतं का? घरात इतरांना होऊ शकतं का? आणि पुढे कधी तिला अँटिबायोटिक लागलंच तर काय करायचं? आता तर त्या शब्दाचीच धास्ती बसलीय.

---

दवबिंदू

अबोलीताई, आई सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, हा जीवाणू रोज हाताखालून जायचा. थोडं सविस्तर लिहितो.

१९३५ मध्ये तो पहिल्यांदा सापडला तो चक्क ठणठणीत तान्ह्या बाळांच्या शौचात. प्रयोगशाळेत वाढवायला फार अवघड, म्हणून लॅटिनमध्ये 'डिफिसिल', म्हणजे अवघड. त्यानंतर चाळीस वर्षं त्याच्याकडे कुणी आजाराचं कारण म्हणून पाहिलं नाही. क्लिंडामायसिन वापरात आल्यावर मात्र रुग्णांना जुलाब लागू लागले. १९७४ मध्ये अमेरिकेत एका रुग्णालयात हे औषध घेणाऱ्या २०० जणांवर लागोपाठ लक्ष ठेवलं गेलं. ४२ जणांना जुलाब झाले आणि २० जणांच्या आतड्यात दुर्बिणीतून पिवळट-पांढरे पापुद्रे दिसले. तरी दोष औषधाच्याच माथी होता. १९७८ मध्ये जॉन बार्टलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की इजा औषध करत नाही, हा जीवाणू करतो. औषध फक्त त्याला रान मोकळं करून देतं.

रान मोकळं होतं म्हणजे काय, हे सांगायला मला फार आवडतं. आपल्या मोठ्या आतड्यात शेकडो जातींचे जीवाणू दाटीवाटीने राहतात. जागा त्यांनी धरलेली, अन्न त्यांनी खाल्लेलं. शिवाय त्यांतले काही जण पित्तातल्या आम्लांचं रूप पालटतात. यकृतातून येतात ती मूळ पित्ताम्लं या जीवाणूच्या बीजाणूंना, म्हणजे कवचात झोपून असलेल्या त्याच्या रूपाला, 'उगवा' असा इशारा देतात, आणि आपल्या जीवाणूंनी पालटलेली पित्ताम्लं त्याची वाढ रोखतात. अँटिबायोटिकने ही वस्ती विरळ झाली की इशारा देणारी पित्ताम्लं उरतात आणि रोखणारी कमी होतात. पोटात आधीच पडून असलेले किंवा बाहेरून आलेले बीजाणू मग उगवतात.

उगवल्यावर हा जीवाणू दोन विषं सोडतो, ए आणि बी. ती आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमध्ये शिरून पेशीचा सांगाडा उभा धरणाऱ्या प्रथिनांचं काम बंद पाडतात. पेशी आक्रसून गोल होतात, एकमेकींपासून सुटतात, मधल्या फटींतून पाणी झिरपतं. पांढऱ्या पेशी तिथे धाव घेतात आणि सूज येते. मेलेल्या पेशी, शेम आणि रक्तातलं फायब्रिन यांचा थर साचतो, तेच दुर्बिणीत दिसणारे पापुद्रे. याला छद्मपटल म्हणतात, कारण ते खरं पटल नसतंच.

वस्ती पुन्हा भरायला आठवडे लागतात. म्हणून कोर्स संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी, कधी दोन-तीन महिन्यांनीसुद्धा हे सुरू होतं. तुमच्या अकरा दिवसांत नवल असं काहीच नाही.

---

सांजवारा

माहितीपूर्ण. एक शंका. मला अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट घेतलं की दर वेळी दुसऱ्या दिवसापासून पातळ होतं आणि गोळ्या थांबल्या की दोन दिवसांत आपोआप बरं होतं. ताप वगैरे काही नाही. घरचे म्हणतात, औषध गरम पडतं. माझ्याही आतड्याला सूज येते की काय? वाचून घाबरायला झालं.

---

पिंपळपान

सांजवारा, घाबरू नका. मी फिजिशियन आहे. इथे तपासल्याशिवाय कुणाचं निदान करणार नाही, पण फरक सांगता येईल.

अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांपैकी बहुसंख्य साधे असतात. क्लॅव्हुलॅनेट आतड्याची हालचाल वाढवतं. एरिथ्रोमायसिन तर पोटातलं अन्न पुढे ढकलणाऱ्या संप्रेरकाची नक्कल करतं. आतड्यातले जीवाणू कमी झाले की एरवी ते जे कर्बोदकांचे अंश पचवतात ते तसेच राहतात आणि पाणी ओढून घेतात. हे जुलाब औषध चालू असतानाच होतात, ताप नसतो, औषध थांबलं की थांबतात. वर्णनावरून तुमचं यातलं दिसतं. तरी पुढच्या वेळी औषध लिहिणाऱ्याला हे जरूर सांगा, पर्याय असू शकतो.

दुसरा, कमी ऐकिवात असलेला प्रकार : पेनिसिलिनच्या कुळातलं औषध चालू असताना अचानक रक्ताचे जुलाब आणि जोराच्या कळा. यामागे क्लेब्सिएला ऑक्सिटोका हा वेगळाच जीवाणू असू शकतो. औषध थांबवल्यावर हा प्रकार सहसा स्वतःहून निवळतो, पण रक्त दिसल्यावर घरी बसून 'निवळेल' म्हणायचं नाही, दाखवायचं.

तिसरा अबोलीताईंच्या आईंचा. चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच, तेही दुसरं कारण नसताना, आणि मागच्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक, एवढ्यावर शौचाची तपासणी करायला हवी. सोबत ताप, पोटदुखी, पोट फुगणं, लघवी कमी होणं, गळून जाणं असेल तर त्याच दिवशी. आणि ही गोष्ट ठळक लक्षात ठेवा : पोट फुगलंय आणि जुलाब एकाएकी थांबलेत, ही सुधारणा नसू शकते. आतड्याची हालचाल बंद पडल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी मोठं आतडं ताणून फुगतं, फुटूही शकतं, आणि काहींचं ऑपरेशन करून आतडं काढावं लागतं. कारण माहीत नसताना जुलाब बांधणारी लोपेरामाइडसारखी गोळी घेऊ नये म्हणतात ते याच भीतीने.

आईंच्या पांढऱ्या पेशी १५,००० च्या वर आणि क्रिएटिनिन १.५ च्या वर होतं. या दोन आकड्यांवरूनच आम्ही आजार तीव्र मानतो. त्या रात्री नेलंत हे फार योग्य केलंत.

---

कवडसा

माझ्या सासऱ्यांना हाच आजार झाला तेव्हा व्हँकोमायसिनच्या इंजेक्शनच्या कुप्या आणायला सांगितल्या आणि नर्सबाई त्या पाण्यात विरघळवून त्यांना प्यायला देत होत्या. मी तिथे वादच घातला, की इंजेक्शन पाजताय काय! नंतर कळलं, तेच बरोबर होतं. मी त्या बाईंशी चढ्या आवाजात बोललो याचं आजही वाईट वाटतं. पण असं का देतात?

---

पिंपळपान

कवडसा, व्हँकोमायसिन शिरेतून दिलं तर आतड्याच्या पोकळीत जवळजवळ पोचतच नाही. तोंडाने दिलं तर रक्तात फारसं जात नाही, सगळं आतड्यातच राहतं. इतर बहुतेक आजारांसाठी हा दोष, इथे हाच गुण. कॅप्सूल नसेल तेव्हा कुपीतलं औषध पाजतात. नेहमीची मात्रा १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, दहा दिवस.

पूर्वी मेट्रोनिडॅझोल पहिलं औषध होतं. आम्ही शिकलो ते तेच. अमेरिकेतल्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ते मागे सारलं गेलं, कारण व्हँकोमायसिनने जास्त रुग्ण बरे होतात. आता ते सौम्य आजारात, दुसरं मिळत नसेल तर वापरतात. फिडॅक्सोमायसिन हे आणखी एक औषध २०२१ पासून त्या सूचनांत पहिल्या पसंतीचं आहे. ते आतड्यातल्या बाकीच्या जीवाणूंना कमी धक्का लावतं, त्यामुळे आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं. मात्र ते महाग आहे आणि सगळीकडे हाताशी नसतं.

आणि ज्या अँटिबायोटिकने हे सुरू झालं ते अजून चालू असेल तर, शक्य असल्यास, आधी ते बंद करायचं किंवा बदलायचं. हा निर्णय मात्र डॉक्टरांचा. रुग्णाने परस्पर बंद करू नये, कारण ज्या आजारासाठी ते दिलंय तोही जिवावरचा असू शकतो.

---

सुईदोरा

मी वॉर्डात नर्स आहे. कवडसादादा, मनाला लावून घेऊ नका, आम्ही समजून असतो. विचारणारे नातेवाईक मला तरी आवडतात.

अबोलीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे घरातल्यांना होऊ शकतं का. बीजाणू शौचातून बाहेर पडतात आणि संडासाची कडी, नळ, फ्लशचं बटण, पलंगाची कड अशा जागी महिनोन् महिने तग धरतात. सॅनिटायझरने ते मरत नाहीत. सगळ्यांचा घोटाळा होतो तो इथेच. अल्कोहोलने बाकीचे जंतू मरतात, पण बीजाणूचं कवच त्याला दाद देत नाही. हात साबण-पाण्यानेच धुवायचे, चांगले चोळून. साबण बीजाणूला मारतो असं नाही, पण त्याने बीजाणू वाहून जातो. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा विसरू नका. संडास-बाथरूम ब्लीचने, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटने पुसायचं आणि ते थोडा वेळ ओलं राहू द्यायचं, लगेच कोरडं करायचं नाही. जमत असेल तर जुलाब थांबेपर्यंत रुग्णासाठी संडास वेगळा ठेवा. माखलेले कपडे आणि चादरी वेगळ्या, गरम पाण्यात.

घरातल्या धडधाकट माणसाला, ज्याने अलीकडे अँटिबायोटिक घेतलेलं नाही, त्याला धोका कमी असतो. त्याची स्वतःची वस्ती शाबूत असते ना. जपायचं ते पासष्टीपुढच्यांना, नुकतेच रुग्णालयातून आलेल्यांना, केमोथेरपी चालू असलेल्यांना.

एक मनातलं सांगते. या रुग्णांना फार लाज वाटते. दिवसातून पंधरा वेळा दुसऱ्याने स्वच्छ करायचं, आणि त्यात तो वास. काही आज्या पाणी प्यायच्या थांबतात, म्हणजे जावं लागणार नाही. त्याने शरीरातलं पाणी आणखी आटतं. त्यांच्याशी बोलत राहा, क्षार-साखरेचं पाणी घोट घोट देत राहा.

---

अबोली

सुईदोराताई, शेवटचा परिच्छेद वाचून रडू आलं. आई अगदी हेच करत होती. मी तिला पाण्यावरून रागावले होते.

आणखी एक अडचण. बरं वाटल्यावर खात्री करून घ्यावी म्हणून मी परवा शौचाची तपासणी पुन्हा केली, स्वतःहून. पीसीआर पॉझिटिव्ह आलाय. आईला आता दिवसातून एकदाच, घट्ट होतंय. ताप नाही. पुन्हा औषध सुरू करायचं का?

---

दवबिंदू

लक्षणं नसतील तर ही तपासणी करू नये, ताई. पीसीआर जीवाणूचं जनुक शोधतो. तो जीवाणू विष तयार करतोय की नुसता बसून आहे, हे त्यावरून कळत नाही. उपचारानंतर कित्येक आठवडे अनेकांच्या शौचात तो सापडतो. म्हणून 'बरं झाल्याची खात्री' करणारी तपासणी या आजारात करत नाहीत. आमच्याकडे तर घट्ट शौचाचा नमुना आला की आम्ही तो परत पाठवायचो.

ज्या बाळांचं मी वर लिहिलं त्यांच्याकडे पाहा. अनेक तान्ह्या बाळांच्या पोटात हा जीवाणू असतो आणि बाळं मजेत असतात. जीवाणू असणं आणि आजार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

पिंपळपान

दवबिंदूंशी सहमत. रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा. लक्षणं नसताना सहसा औषध देत नाहीत, उलट त्याने सावरत असलेली वस्ती पुन्हा ढासळते. आठ आठवडे मात्र लक्ष ठेवा. आजार उलटतो तो बहुधा याच काळात.

---

भरती_ओहोटी

'परत होतं का?' याचं उत्तर मी देतो, कारण मला चार वेळा झालं. पहिल्यांदा पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या अँटिबायोटिकनंतर. वय ४४. धडधाकट माणूस.

पहिल्या आजारानंतर साधारण पाचांपैकी एकाला तो उलटतो. एकदा उलटला की पुन्हा उलटण्याची शक्यता वाढतच जाते. दर वेळी व्हँकोमायसिनने बरा व्हायचो, औषध थांबलं की दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मात्रा हळूहळू उतरवत सात आठवडे दिली. तरी उलटला. अकरा किलो वजन गेलं. त्याहून वाईट म्हणजे घराबाहेर पडायची भीती. कुठेही गेलो की आधी संडास कुठे आहे ते पाहायचो.

शेवटी निरोगी दात्याच्या शौचातले जीवाणू कोलोनोस्कोपीतून माझ्या आतड्यात सोडले. ऐकायला किळस येते हे मला ठाऊक आहे, मीही आधी नाही म्हटलं होतं. त्या डॉक्टरांनी मला नेदरलँड्समधला २०१३ चा अभ्यास समजावून सांगितला. अशाच सतत उलटणाऱ्या रुग्णांत, हा उपचार मिळालेल्या १६ पैकी १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले आणि दुसऱ्यांदा दिल्यावर आणखी दोघे. नुसतं व्हँकोमायसिन मिळालेल्या १३ पैकी ४ जण. फरक इतका मोठा होता की अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवावा लागला. त्यानंतर मी होकार दिला. तीन वर्षं झाली, पुन्हा झालेलं नाही.

कुणीही हे घरी करायला जाऊ नका. इंटरनेटवर तसे व्हिडिओ आहेत म्हणून लिहितोय. दात्याचं रक्त आणि शौच कसून तपासतात. २०१९ मध्ये अमेरिकेत अशा उपचारातून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय हा जीवाणू शिरून एक रुग्ण दगावला होता, त्यानंतर दात्यांच्या चाचण्या आणखी कडक झाल्या. २०२२ आणि २०२३ मध्ये तिथे या तत्त्वावरची दोन तयार औषधं मंजूर झाली आहेत, त्यातलं एक साध्या कॅप्सूलच्या रूपात आहे.

---

वाटसरू

म्हणजे थोडक्यात अँटिबायोटिक घेऊच नये. शरीर आपलं आपण लढतं. हे सगळं वाचून माझं तरी तेच मत पक्कं झालं. आणि घेतलंच तर सोबत प्रोबायोटिकच्या कॅप्सूल घ्याव्यात, मग काही होत नाही.

---

भरती_ओहोटी

वाटसरू, माझ्या पित्ताशयात पू झाला होता. अँटिबायोटिक नसतं तर हा प्रतिसाद लिहायला मी नसतो. माझी तक्रार त्या औषधावर नाही. माझी खंत एवढीच आहे की त्याआधीच्या वर्षात मी साध्या सर्दीसाठी दोनदा, कुणालाही न विचारता, घरातल्या उरलेल्या पाकिटातून अँटिबायोटिक घेतलं होतं. सर्दी विषाणूची. त्या गोळ्यांचा तिच्यावर काडीचाही उपयोग नव्हता.

---

पिंपळपान

प्रोबायोटिकबद्दल : साधे जुलाब त्यांनी काही अंशी कमी होतात असं दाखवणारे अभ्यास आहेत. पण या आजाराविरुद्ध हमी मिळत नाही. ब्रिटनमध्ये पासष्टीवरच्या सुमारे २,९०० रुग्णांवर मोठी चाचणी झाली, ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तीत फायदा दिसला नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली आहे किंवा ज्यांच्या मोठ्या शिरेत नळी आहे त्यांच्यात कॅप्सूलमधलं यीस्ट रक्तात शिरल्याची उदाहरणं आहेत, म्हणून त्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. 'मग काही होत नाही' हे बरोबर नाही, आणि कुणी त्या भरवशावर लक्षणांकडे दुर्लक्ष केलं तर ते महागात पडेल.

अबोलीताई, तुमचा तिसरा प्रश्न राहिला. आईंना पुढे अँटिबायोटिक खरोखर गरजेचं असेल तर द्यावंच लागेल. पण सगळी औषधं सारखी नाहीत. क्लिंडामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातली, तिसऱ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन, यांच्यात धोका जास्त. डॉक्सिसायक्लिनसारख्यांत कमी. डॉक्टरांना आधी कळलं तर ते निवड बदलू शकतात, दिवस कमी करू शकतात. ॲसिडिटीची ओमेप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर तिचाही या आजाराशी संबंध आढळलाय. ती अजून लागते का, हे एकदा विचारून घ्या.

---

सांजवारा

मी मोबाइलमध्ये एक नोंद सुरू केली. औषधाचं नाव, कशासाठी, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. बाबांची मागच्या सहा महिन्यांची आठवून लिहायला बसलो तर तीन कोर्स निघाले, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडचे. एकालाही दुसऱ्याचं माहीत नव्हतं.

---

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवा आठवडा काल पूर्ण झाला. त्रास उलटलेला नाही. दुसऱ्यांदा केलेल्या तपासणीवर आमच्या डॉक्टरांनीही औषध दिलं नाही.

आईची तीच दाढ काढायची आहे. सोमवारी गेलो होतो. खुर्चीवर बसायच्या आधीच आईने पर्समधून कागद काढला आणि दंतवैद्यांच्या हातात दिला. वर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : "क्लिंडामायसिन, ७ दिवस. त्यानंतर क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल. व्हँकोमायसिन, १० दिवस." त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, आता सूज नाही, पू नाही, हृदयाच्या झडपेचा त्रास नाही, तेव्हा दाढ अँटिबायोटिकशिवाय काढू. पुढच्या गुरुवारची वेळ दिलीय.